भिंतीचे अस्तर

१९७४ साली साइमा कांगासच्या घराची उत्तरेकडची भिंत घराच्या आत राहत होती. बाहेर तिच्या जागी उभे वासे होते, वाशांवर काळा डांबरी कागद होता आणि कागद उडू नये म्हणून आडव्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या. पण खरी भिंत, म्हणजे वाशांवर ठोकायचे प्लायवूडचे तक्ते, त्यांतले काही गादीखाली होते, काही कपाटामागे होते, आणि दोन तक्ते जोडून त्यांवर रोजचे जेवण वाढले जात होते.

साइमा शिवणकाम करायची, त्यामुळे तिला घराची रचना चटकन कळे. दिसतात त्या रंगवलेल्या पट्ट्या म्हणजे वरचे कापड, आणि त्यांच्या आत वाशांना घट्ट धरून ठेवणारा तक्त्यांचा थर म्हणजे अस्तर. कापड कितीही भारी घ्या, अस्तर कच्चे असले की कोट खांद्यावर बसत नाही. हे तिला मान्यच होते. तिचे म्हणणे एवढेच की कोट कधीतरी अंगात घालायला मिळावा.

तिचा नवरा ओन्नी याने आदल्या उन्हाळ्यात ती भिंत सोलली होती. जुन्या फळ्या कुजल्या होत्या, तेव्हा सोलणे बरोबरच होते. मग त्याने विचार सुरू केला. अस्तर कशाचे घालावे? वडिलांनी घातले तसे पाइनच्या तिरप्या फळ्यांचे, की डांबर पाजलेल्या भुशाच्या काळ्या पुठ्ठ्याचे, की प्लायवूडचे? त्याने तिन्हींचे तुकडे आणून परसातल्या खांबावर ठोकले आणि एक अख्खा हिवाळा त्यांच्यावर बर्फ पडू दिला. "लाकूड काय म्हणतं ते ऐकायला पाहिजे," तो म्हणाला. उरलेले तुकडे त्याने स्वयंपाकघरात बादलीत भिजत घातले, मग चुलीवरच्या फळीवर वाळत ठेवले. त्याच फळीवर साइमा कॉफीत बुडवून खायचे कडक टोस्ट ठेवत असे. तिचा धाकटा भाऊ आर्मास, जन्माचा ब्रह्मचारी, रोज कॉफीला येई. त्याने एक दिवस काळा पुठ्ठा कॉफीत बुडवून खाल्ला.

"ताई, टोस्ट जरा शिळा झालाय गं," अर्धा संपवल्यावर तो म्हणाला.

ओन्नीने उरलेला अर्धा त्याच्या हातातून घेतला, खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि समाधानाने मान हलवली. "फुगतो," तो म्हणाला. "पुठ्ठा बाद."

ओन्नीच्या या सावकाशीला कारण होते. तो तीस वर्षे तांब्याच्या खाणीत लाकडाचे टेकू उभारत होता. तिथे घाईने लावलेल्या एका टेकूपायी माणसे चिरडतात, आणि त्याने लावलेल्या टेकूखाली कधी कोणी चिरडले नव्हते. खाण बंद झाली, ओन्नी वर उजेडात आला, पण चाल मात्र खालचीच राहिली. जाणारायेणारा विचारी, "काय ओन्नी, भिंत कुठवर आली?" ओन्नीचे उत्तर ठरलेले. "काम चालू आहे."

"चालू कुठलं," साइमा म्हणे. "काम बसलंय, आणि कॉफी पितंय!"

यातही तिने आणखी दोन वर्षे काढली असती. पण त्या वसंतात तिची एकुलती एक मुलगी आर्लीन हिने वेस्ली पेनहेलशी लग्न ठरवले.

पेनहेल म्हणजे टेकडीवरचे कॉर्निश, मूळच्या इंग्रज खाणकामगारांच्या वंशातले लोक. वेस्लीचे वडील जॅबेझ पेनहेल खाणीत कॅप्टन, म्हणजे खाली उतरणाऱ्या मजुरांवरचे मुख्य अधिकारी होते. मिशिगनच्या त्या उत्तर टोकाला पिढ्यान् पिढ्या असेच चालत आलेले होते: कॉर्निश माणसाने हुकूम द्यायचा आणि फिनिश माणसाने तो खाली उतरून पाळायचा. ओन्नी दहा वर्षे जॅबेझच्या हाताखाली होता आणि एवढ्या काळात तो त्यांच्याशी फक्त "होय, कॅप्टन" आणि "नाही, कॅप्टन" असे बोलला होता.

ऑगस्टमध्ये साइमा आणि ओन्नी पेनहेलांकडे चहाला गेले. घर पांढरेशुभ्र, खिडक्यांच्या चौकटी हिरव्या, कुठे एक खिळा वर आलेला नाही. वेस्लीची आई थर्झा हिने त्यांना पुढच्या खोलीत बसवले. भर दुपारी मागच्या खिडकीचे पडदे ओढलेले होते. चहा झाल्यावर साइमा कपबश्या घेऊन उठली, तशी थर्झा लगबगीने स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली.

"छे छे, तुम्ही बसा ना. मी घेते."

"तुमच्या डेलियाच्या फुलांचं फार नाव ऐकलंय," साइमा म्हणाली. "परसात आहेत ना? बघू या का?"

"आज नको," थर्झा म्हणाली, आणि तिचा चेहरा लाल झाला. "आज... ओल आहे तिकडे."

आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता. घरी परत येऊन फाटकाशी पोचल्यावर साइमा म्हणाली, "आपले पाय त्यांच्या स्वयंपाकघराला चालत नाहीत, ओन्नी. आणि आपली पोर त्या घरात जन्म काढणार आहे."

ओन्नीने काळ्या भिंतीकडे पाहिले.

"ते लोक ऑक्टोबरात आपल्याकडे येतील," ती म्हणाली. "लग्नाआधी. एकदा त्यांनी ही भिंत बघितली ना, की आर्लीनला आयुष्यभर ऐकावं लागेल. 'तुझ्या माहेरी तर कागदाची घरं.' तेव्हा ते यायच्या आत भिंत व्हायला हवी. दुसरं मला काही नको. नवा झगासुद्धा नको."

"होईल," ओन्नी म्हणाला. त्याला खरेच करायची होती. प्लायवूडचे तक्ते जुलैतच आले होते. फक्त खालची तुळई सरळ नव्हती, ती सरळ केल्याखेरीज तक्ता ठोकणे म्हणजे त्याच्या लेखी पाप होते. आणि तुळई सरळ होईपर्यंत तक्ते भिजता कामा नयेत. आधी त्याने त्यांच्यावर ताडपत्री घातली. ताडपत्रीत पाणी साचले. मग त्याने गावातली सगळ्यात कोरडी जागा शोधली आणि ती त्याच्याच परसात निघाली. ती म्हणजे सौना, दगड तापवून वाफ घ्यायची लाकडी न्हाणी. सोमवार ते शुक्रवार तिच्याइतके कोरडे ठिकाण नाही. सगळे तक्ते त्याने तिथे भिंतीशी उभे करून ठेवले.

शनिवारी आर्मासने नेहमीप्रमाणे येऊन सौना पेटवली. शनिवारची सौना म्हणजे सूर्य उगवण्यासारखी गोष्ट. ती पेटवताना कोणी विचारत नाही आणि आत वाकूनही पाहत नाही. वाफ भरल्यावर आर्मास आत जाऊन बसला, आणि पाठीला आज काहीतरी गुळगुळीत टेकू मिळाला म्हणून खूश झाला. बाहेर आला तेव्हा त्याच्या उघड्या पाठीवर लाकूडगिरणीचा निळा शिक्का स्वच्छ उमटला होता, उलटा.

ओन्नी बराच वेळ त्या पाठीकडे पाहत राहिला. "बाहेरच्या भिंतीला चालेल असं लिहिलंय," तो म्हणाला.

"ताई, याला सांग हसू नको म्हणून!"

"तो कुठं हसतोय? तो मोजतोय तुला!" साइमा म्हणाली, आणि तिला स्वतःलाच हसू आवरेना.

एक तक्ता मात्र होडीसारखा बाकदार झाला होता. बाकीचे त्याच रात्री घरात आले. घर लहान, तक्ते मोठे. पडून आहेतच तर उपयोगी पडोत, असे म्हणता म्हणता त्यांची गादी झाली, आडोसा झाला, जेवणाचे टेबल झाले. जुन्या टेबलाला जागाच उरली नाही म्हणून ते सौनात गेले.

सप्टेंबर असाच गेला. पेनहेल मंडळी येणार होती त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, साइमा रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि तिने आपल्या घराकडे परक्याच्या नजरेने पाहिले. उत्तरेची भिंत रस्त्याकडेच होती. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

आर्मासने ते पाहिले आणि त्याला युक्ती सुचली. "ताई, तू विणलेल्या चिंध्यांच्या सतरंज्या आहेत ना, त्या भिंतीपुढं दोरीवर टांग. रंगीत, लांबच्या लांब. भिंत झाकेल, वर तुझी कलाही दिसेल. लोक म्हणतील, बाई किती उद्योगी!"

युक्ती चांगली होती. दोरीचे एक टोक आर्मासने खांबाला बांधले. दुसऱ्या टोकाला खांब नव्हता, म्हणून ते त्याने डांबरी कागदावरच्या पट्टीला बांधले. "खाणीतली गाठ आहे," तो म्हणाला. "जगबुडी झाली तरी सुटायची नाही." दिवेलागणीपर्यंत सगळ्या सतरंज्या टांगून झाल्या, आणि साइमा त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोपली.

सकाळी चर्चमधून परतताना गाडी वळणावर आली आणि तिने घर पाहिले. निळ्या, तांबड्या, पिवळ्या सतरंज्या वाऱ्यावर डुलत होत्या. फार सुंदर दिसत होत्या. शेजारच्या दोन गाड्या फाटकासमोर मुद्दाम हळू झाल्या आणि आतल्या बायकांच्या माना वळल्या.

"ओन्नी," साइमा कुजबुजली. "आज रविवार आहे."

त्या गावात रविवारी लोक पाप करत असतील, पण धुणे वाळत घालत नसत. रविवारी कामाला हात लावायचा नाही, यावर फिनिश लुथेरन असोत की कॉर्निश मेथडिस्ट, सगळ्यांचे एकमत होते. साइमाच्या आईने मरणाच्या शनिवारीसुद्धा, उद्या रविवार म्हणून, दोरीवरचे कपडे काढून घ्यायला लावले होते. आणि आज तिच्या मुलीने घरातली प्रत्येक सतरंजी देवाच्या दिवशी हमरस्त्यावर टांगली होती.

"काढू या पटकन!" ती म्हणाली.

"काढणं हेही कामच," मागच्या सीटवरून आर्मास म्हणाला.

"तू तोंड उघडू नकोस!"

पण आता उशीर झाला होता. पेनहेलांची काळी गाडी पाठोपाठच फाटकात शिरली. जॅबेझ उतरले, उंच, ताठ, चर्चच्या कोटात. थर्झाच्या हातात कापडात गुंडाळलेला केशराचा पाव होता. तिने सतरंज्यांच्या त्या रांगेकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले.

"किती... रंगीत," ती म्हणाली.

साइमाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले.

आत कॉफीची तयारी होती. पांढऱ्या कापडावर वेलदोड्याची गोड पाववेणी, शेजारी केशराचा पाव. आर्लीन आणि वेस्ली एका बाजूला बसून आईच्या चेहऱ्याचा अंदाज घेत होती. जॅबेझनी कप खाली ठेवला. टेबलाचा आवाज त्यांना वेगळा वाटला. त्यांनी बोटाच्या पेराने टेबलावर टकटक केले. मग कापडाचा कोपरा उचलून खाली पाहिले.

"कांगास, हे काय आहे?"

"अस्तर, कॅप्टन."

"कुठल्या भिंतीचं?"

"उत्तरेच्या."

"मग इथं काय करतंय?"

ओन्नीने थोडा विचार केला. "वाळतंय," तो म्हणाला.

साइमाने डोळे मिटले. त्याच क्षणी सरोवरावरून वारा सुटला.

सुपीरियर सरोवराचा ऑक्टोबरातला वारा ठोठावून येत नाही. एका झटक्यात सगळ्या सतरंज्या शिडांसारख्या फुगल्या. दोरी ताणली. खांब हलला नाही. आर्मासची गाठही सुटली नाही, तो खोटे बोलला नव्हता. सुटली ती पट्टी. पट्टीबरोबर दुसरी पट्टी, तिच्याबरोबर तिसरी, आणि अखेर उत्तरेचा सगळा डांबरी कागद मोठ्या फडफडाटाने घरापासून वेगळा झाला, रस्ता ओलांडून गेला आणि थेट पाद्रीबाबांच्या कुंपणाला जाऊन चिकटला. वाशांमध्ये थंडीसाठी भरलेला लाकडाचा भुसा भळभळा बाहेर आला, अर्धा फटींतून आतही शिरला. केशराच्या पावावर, कॉफीवर, कॅप्टनच्या मिश्यांवर भुसा बसला. आणि वर गारांसारखा पाऊस सुरू झाला.

मग जॅबेझ उभे राहिले आणि खाणीत ज्या आवाजात हुकूम देत त्या आवाजात म्हणाले, "कपबश्या उचला."

"आज रविवार आहे, कॅप्टन," ओन्नी म्हणाला.

"बैल विहिरीत पडला तर रविवारीही काढावा, असं शास्त्रातच आहे."

"पण हा बैल नाही, भिंत आहे," आर्मास म्हणाला.

"मग शेपटी नाही एवढंच. उचल तिकडून!"

दोन मिनिटांपूर्वी ज्यावर कॉफी होती ते टेबल दारातून बाहेर पडले. मागोमाग कपाटामागचे, आडोशाचे आणि गादीखालचे तक्ते निघाले. वेस्ली शिडीवर चढला, आर्लीन तोंडात खिळे धरून उभी राहिली. जॅबेझनी कोट काढून हातोडा घेतला आणि पहिला खिळा तक्त्यावर टेकवला. तेवढ्यात ओन्नीने खिशातून पातळी पाहायची नळी काढली.

"तुळई अजून जरा..."

"ओन्नी!" साइमा पावसात ओरडली. इतक्या वर्षांत ती इतक्या मोठ्याने कधी ओरडली नव्हती.

ओन्नीने नळी परत खिशात ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा न मोजता त्याने खिळा मारला. मारताना मात्र डोळे बंद केले होते.

खालचे तक्ते खांद्याने रेटून धरायला माणसे कमी पडली, तशी साइमा आणि थर्झा शेजारी शेजारी येऊन पाठ लावून उभ्या राहिल्या. दोघींच्या टोप्या गेल्या होत्या. थर्झाच्या केसांतून भुसा आणि पाणी ओघळत होते. साइमाला बोलायचे होते, माफी मागायची होती, आर्लीनवर राग ठेवू नका म्हणायचे होते. तिने तोंड उघडले आणि पाहिले, तर थर्झाचे खांदे हलत होते. ती रडते आहे असेच साइमाला वाटले.

थर्झा हसत होती. इतकी, की तिला बोलता येईना.

"काय झालं?" साइमा घाबरून म्हणाली.

"आठ वर्षांनी," थर्झा डोळे पुसत म्हणाली. "आठ वर्षांनी मी या माणसाच्या हातात हातोडा बघतेय, विहीणबाई! आमची मागची भिंत... वेस्ली शाळेत होता तेव्हा सोलून ठेवलीये. तुमच्याइतकी धडसुद्धा नाही. काळा कागद, त्यालाही ठिगळं. तक्ते माळ्यावर पडलेत. विचारलं की म्हणतात, 'तिरप्या फळ्या बऱ्या, की प्लायवूड, ठरायचंय.'"

साइमा तिच्याकडे पाहतच राहिली. "म्हणजे... ते पडदे?"

"मग काय! स्वयंपाकघरात आलात की खिडकीतून दिसणार. डेलिया दाखवाव्यात तर भिंत आधी दिसणार. आठ वर्षं परसात माणूस जाऊ दिलं नाही मी. तुम्ही उठलात ना कपबश्या घेऊन, माझा तर जीवच गेला. म्हटलं, एवढी नीटनेटकी बाई, काय म्हणेल आम्हाला."

"आणि मला वाटलं, आमचे पाय तुम्हाला..."

"अगं बाई," थर्झा म्हणाली. तिने ओल्या हाताने साइमाचा हात शोधला आणि घट्ट धरला. "अगं बाई गं."

"बायकांनो, हलू नका!" वरून जॅबेझ ओरडले.

"तुम्ही आधी तुमची भिंत करा, मग हुकूम द्या!" थर्झा ओरडली, आणि दोघी पुन्हा हसू लागल्या. त्यांच्या हसण्याने तक्ता थरथरू लागला. तो सौनातला बाकदार तक्ता होता. तसाच ठोकला गेला, आणि त्या घराच्या उत्तरेच्या भिंतीला तेव्हापासून जे पोट सुटले ते कायमचे.

पाद्रीबाबा गुंडाळलेला डांबरी कागद काखोटीला मारून आले तेव्हा सगळी मंडळी चुलीभोवती, जमिनीवर बसून भुसा घातलेली कॉफी पीत होती. टेबल नव्हते ना. पाद्रीबाबांनी नव्या भिंतीकडे पाहिले, जमिनीवर बसलेल्या मेथडिस्ट कॅप्टनकडे पाहिले, कागद कोपऱ्यात ठेवला आणि विचारले, "कॉफी शिल्लक आहे का?"

महिनाअखेर लग्न झाले. पाहुण्यांना जेवायला टेबले हवी होती आणि कांगासांचे सगळे तक्ते भिंतीवर गेलेले. तेव्हा जॅबेझनी माळ्यावरचे आपले तक्ते गाडीवर बांधून आणले. आर्लीनच्या लग्नाचे जेवण पेनहेलांच्या मागच्या भिंतीवर झाले.

पुढे दर शनिवारी ओन्नी टेकडीवर जाई आणि दोघे व्याही ती मागची भिंत करीत. म्हणजे बहुतेक वेळ तिच्यासमोर बसून बोलत. खाणीत दहा वर्षांत जेवढे बोलले नव्हते तेवढे एका दुपारी बोलत. मग दोघे मिळून खाली येत, कारण कॅप्टनना सौनाची चटक लागली होती. भिंत दोन तृतीयांश झाली होती तेव्हा जॅबेझ गेले. त्या वर्षी बर्फ पडायच्या आत ओन्नीने एकट्याने ती पुरी केली, वरच्या पट्ट्या आणि पांढऱ्या रंगासकट. त्याने उभ्या आयुष्यात वेळेत संपवलेले घरकाम तेवढे एकच.

थर्झाने दुसऱ्या दिवसापासून मागचे पडदे कायमचे काढून टाकले. नव्वदीच्या पुढे गेली ती. डेलियांचे कंद दर वसंतात साइमाकडे येत. आर्मास म्हातारपणी आर्लीन-वेस्लीकडे राहिला आणि त्यांच्या मुलांना न सुटणाऱ्या गाठी शिकवून गेला. पाठीवरच्या शिक्क्याची गोष्ट तो स्वतःच सांगे, आणि दर वेळी शिक्का थोडा मोठा होई.

ओन्नी गेला तेव्हा उत्तरेच्या भिंतीवर बाहेरच्या पट्ट्या जवळपास सगळीकडे चढल्या होत्या. फक्त सौनाच्या बाजूचा एक कोपरा राहिला होता, दाराएवढा, तक्त्यांवर परत ठोकलेल्या त्या काळ्या कागदाचा. पुढच्या उन्हाळ्यात आर्लीनचे मुलगे शिडी, पट्ट्या आणि रंगाचे डबे घेऊन आले.

"आजी, अर्ध्या दिवसाचं काम आहे. संपवून टाकतो."

साइमा तेव्हा ऐंशीच्या घरात होती. ती काठी टेकत बाहेर आली आणि त्या काळ्या कोपऱ्यासमोर उभी राहिली. शेवटची पट्टी जिथे थांबली होती तिथे पेन्सिलीची एक रेघ होती. नीट मोजून मारलेली.

"आई, रस्त्यावरून दिसतं गं," आर्लीन म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"तू जा, कॉफी ठेव," साइमा म्हणाली. "पोरं दमून आलीयेत."

तेवढ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्याने गाडी हळू केली, काच खाली केली आणि शिड्यांकडे पाहून विचारले, "काय साइमाकाकू, भिंत कुठवर आली?"

साइमाने त्या पेन्सिलीच्या रेघेवरून बोट फिरवले.

"काम चालू आहे," ती म्हणाली.